गालफडातली खिडकी

१९३० सालच्या एप्रिलात सीरियातल्या अलेप्पो शहराजवळ मजूर एक उभं पीक असलेलं शेत खणत होते. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांना एक लहानसा सोनेरी रंगाचा प्राणी जिवंत हवा होता. त्याचं बीळ लागेपर्यंत शेताची पार वाट लागली. शेवटी बऱ्याच खोलीवर एक मादी आणि तिची ११ पिल्लं हाती आली. खटाटोप होता सहकारी सॉल अॅडलर यांच्यासाठी. अॅडलर लीशमानियावर, म्हणजे आपल्याकडच्या काळा आजाराच्या कुळातल्या रोगांवर काम करत होते आणि प्रयोगाला त्यांना सोयीचा प्राणी मिळत नव्हता. त्या एका बिळातली जी थोडी पिल्लं जगली, त्यांचीच प्रजा पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत पसरली. सीरियन हॅमस्टर म्हणतात ते हेच.

कर्करोगाच्या इतिहासात या प्राण्याचं नाव आलं ते त्याच्या गालांमुळे. माकड जसं चणे गालफडात कोंबतं, तसा हॅमस्टर दाणे साठवतो. त्याच्या गालांच्या आत दोन लांब पिशव्या असतात, खांद्यापर्यंत जाणाऱ्या. प्राण्याला भूल दिली की ही पिशवी मोज्यासारखी उलटी करून बाहेर ओढता येते. ती इतकी पातळ असते की खालून उजेड सोडला तर सूक्ष्मदर्शकातून आतलं रक्त वाहताना दिसतं. पेशी एकामागे एक रांगेत सरकतात, कुठे अडखळतात, वळणावर दबून पुन्हा सुटतात. मेलेल्या, रंगवलेल्या कापात हे कधीच दिसणार नाही. शिवाय या पिशवीत परकं ऊतक ठेवलं तर शरीर त्याच्यावर लगेच तुटून पडत नाही. १९५०च्या आगेमागे अमेरिकेत ब्रेंटन लुट्झ, जॉर्ज फुल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन्ही गुणांचा फायदा घेतला. त्यांनी पिशवीत गाठींचे तुकडे रुजवले आणि ते वाढताना पाहिले.

१९५४ मध्ये जॉन सॅली यांनी याच पिशवीच्या अस्तराला कर्करोग आणणारी रसायनं पुन्हा पुन्हा लावली. पुढे डीएमबीए नावाचं रसायन आठवड्यातून तीनदा ब्रशने लावायचं, अशी पद्धतच ठरून गेली. अस्तर आधी जाड होतं, मग त्यातल्या पेशी बिघडू लागतात आणि शेवटी गाठ उठते. माणसाच्या गालात तंबाखूने जे घडायला वर्षानुवर्षं लागतात, ते इथे काही आठवड्यांत घडतं. तोंडाच्या कर्करोगाची पायरीपायरीने होणारी वाटचाल पाहायला याहून सोपी जागा नव्हती. आणि पाहणाऱ्यांना एक गोष्ट दिसायची. गाठ नजरेत भरण्याआधीच तिच्याखालचं रक्तवाहिन्यांचं जाळं बदललेलं असायचं. वाहिन्या दाट झालेल्या, फुगलेल्या, वेड्यावाकड्या.

याचं कोणाला फारसं नवल वाटत नव्हतं. गाठीभोवती रक्तवाहिन्या वाढतात हे जुनंच ज्ञान होतं. जर्मनीतल्या फ्रायबुर्गचे शल्यविशारद एडविन गोल्डमन यांनी १९०७ मध्येच ते नीट मांडलं होतं. पण बहुतेकांची समजूत अशी होती की हा सुजेचा भाग आहे. घाण साचली की माश्या येतात, तसं. १९४५ मध्ये अमेरिकेत ग्लेन अल्जायर आणि हॅरोल्ड चॉकली यांनी उंदराच्या कातडीत बसवलेल्या पारदर्शक कप्प्यातून रोजच्या रोज वाहिन्या मोजल्या. गाठीच्या जवळ वाहिन्या झपाट्याने उगवतात आणि गाठीची खरी वाढ त्यानंतर सुरू होते, असं त्यांनी लिहिलं. हा निष्कर्ष हलवून सोडणारा होता. तरी तो वीसेक वर्षं जवळपास पडूनच राहिला.

मग फिलिप शुबिक आणि त्यांच्या गटाने हॅमस्टरच्या गालपिशवीत एक कायमची खिडकी बसवली. एक पारदर्शक कप्पा शिवून टाकला, की रोज पिशवी ओढून काढायची गरज नाही. १९६८ मध्ये मेल्विन ग्रीनब्लाट आणि शुबिक यांनी या खिडकीत एक साधी पण नेमकी युक्ती केली. गाठीचा तुकडा आणि प्राण्याचं ऊतक यांच्यामध्ये त्यांनी बारीक गाळणी ठेवली. गाळणीची छिद्रं इतकी लहान की द्रव पाझरेल, पण पेशी ओलांडून जाणार नाही. गाठीची एकही पेशी पलीकडे गेली नाही, कशाला स्पर्श झाला नाही, तरी पलीकडच्या रक्तवाहिन्यांना कोंब फुटले. म्हणजे गाठीतून काहीतरी पाझरत होतं आणि ते वाहिन्यांना वाढायला लावत होतं. माश्या आपसूक येत नव्हत्या, त्यांना बोलावणं जात होतं. त्या निबंधाच्या शीर्षकातच ‘ट्यूमर अँजिओजेनेसिस’ हे शब्द होते, गाठीने घडवलेली रक्तवाहिन्यांची निर्मिती.

आज हा शब्द ऐकला की लोकांना एकच नाव आठवतं, आणि ते ग्रीनब्लाटचं नसतं. इतिहासाची ही खोड जुनी आहे. पण ज्याचं नाव आठवतं त्या माणसाने ते फुकटात मिळवलेलं नाही.

ज्यूडा फोकमन ओहायोतल्या एका रब्बीचा मुलगा. लहानपणी वडिलांबरोबर रुग्णांच्या भेटीला जायचा आणि तिथेच त्याने डॉक्टर व्हायचं ठरवलं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन नौदलात असताना त्याच्याकडे आणि फ्रेडरिक बेकरकडे काम होतं लांबच्या सफरींवर टिकेल असा रक्ताचा पर्याय शोधण्याचं. तो द्रव चालतो का हे बघायला त्यांनी काढलेल्या थायरॉइड ग्रंथी काचेच्या भांड्यात त्यावर जगवल्या आणि त्यांत उंदराच्या कर्करोगाच्या पेशी सोडल्या. गाठी आल्या, पण एक-दोन मिलिमीटरच्या होऊन थांबल्या. मोहरीच्या दाण्याएवढ्या. मेल्या नव्हत्या. उंदरात परत लावल्या की भसाभस वाढायच्या. भांड्यातल्या ग्रंथीत नव्या रक्तवाहिन्या फुटत नव्हत्या, एवढाच फरक.

फोकमन शल्यविशारद होता, आणि मला वाटतं या गोष्टीतलं कळीचं वाक्य हेच आहे. गाठ कापताना ती गरम असते, हात लागला की भळाभळा रक्त येतं. विकृतिशास्त्रज्ञाच्या टेबलावर तीच गाठ पोचते तेव्हा ती थंड आणि पांढरी पडलेली असते. एकाला गाठ रक्तात न्हालेली माहीत, दुसऱ्याला निचरलेली. दोघांचे वाद होणारच होते.

१९६७ मध्ये, वयाच्या चौतिशीत, तो बोस्टनच्या चिल्ड्रेन्स हॉस्पिटलचा मुख्य शल्यविशारद झाला. १८ नोव्हेंबर १९७१ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्याने आपलं म्हणणं मांडलं. प्रत्येक गाठ आधी बारीक असते आणि वाहिन्या आल्याशिवाय ती मोठी होऊ शकत नाही. वाहिन्यांना बोलावणारा पदार्थ ती स्वतः बनवते. तो पदार्थ अडवला, तर गाठ उपाशी राहील. लोक हसले. पदार्थ कुठे आहे, दाखव, म्हणाले. सभेत तो बोलायला उभा राहिला की माणसं उठून बाहेर जात. मायकेल गिम्ब्रोनबरोबर त्याने सशाच्या डोळ्याच्या पुढच्या पोकळीतल्या पाण्यात गाठी तरंगत ठेवल्या. बुबुळापासून दूर असताना त्या टाचणीच्या टोकाएवढ्याच राहिल्या, बुबुळाला टेकवल्या की वाहिन्या आल्या आणि डोळा भरून गेला. तरी शंका घेणारे हटले नाहीत. १९७४ मध्ये मॉन्सँटो कंपनीने या कामासाठी हार्वर्ड विद्यापीठाला सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर देऊ केले, त्यावरही विद्यापीठाने विज्ञान विकायला काढलं अशी ओरड झाली. १९८१ मध्ये त्याने मुख्य शल्यविशारदाचं पद सोडलं आणि पूर्णवेळ प्रयोगशाळेत गेला.

तो पदार्थ शेवटी दुसऱ्याच दारातून आला. १९८३ मध्ये बोस्टनमध्येच डोनाल्ड सेंगर आणि हॅरोल्ड ड्वोराक यांना गाठीतून निघणारं एक प्रथिन सापडलं, ज्याने वाहिन्या पाझरायला लागतात. १९८९ मध्ये जेनेन्टेक कंपनीतल्या नेपोलिऑन फेरारा यांनी वाहिन्यांच्या पेशी वाढवणारं प्रथिन वेगळं केलं आणि त्याला व्हीईजीएफ हे नाव दिलं. दोन्ही एकच निघाली.

इथे बोस्टन सोडून मुंबईतल्या परळला यायला हवं, कारण ही खिडकी ज्या गालात बसवली गेली होती, त्या गालाचा रोग खरा इथे राहायला होता.

टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलं. तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रं डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. तीन वर्षांतच, १९४४ मध्ये, त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या १००० रुग्णांचा आढावा अमेरिकेच्या ‘कॅन्सर रिसर्च’ या नियतकालिकात छापला. युरोप-अमेरिकेत विरळ असलेला रोग इथे रांग लावून येत होता. खानोलकरांची नजर माणसांच्या सवयींवर होती: कोण तंबाखू गालात कुठे धरतो, कोण चिलीम ओढतो, कोण पेटलेलं टोक तोंडात घेऊन चुट्टा ओढतो. सवय जिथे टेकते तिथे गाठ उठते, हे त्यांनी जातीपातींच्या आणि प्रांतांच्या तपशिलासह दाखवलं. पण सवय आणि गाठ यांच्या मध्ये गालात नेमकं काय होतं, हा प्रश्न उरला.

त्याचं एक विचित्र उत्तर आपल्याकडच्याच एका आजारात होतं. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय बायकांच्या तोंडाचं वर्णन केलं, आणि १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. जोशींनी इथल्या रुग्णांवर लिहिलं. तिखट लागलं की आग होते. मग गालाच्या आत दोऱ्यांसारखे पट्टे लागतात. हळूहळू तोंड उघडेनासं होतं. आजही डॉक्टर मोजायला आपली बोटं उभी करून दातांमध्ये घालायला सांगतात. तीन जायला हवीत, दोन जातात, एक जातं. आरशात पाहिलं तर टाळू संगमरवरासारखी पांढुरकी दिसते. या रोगाला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात सत्यवती सिरसाट यांनी खानोलकरांबरोबर त्याचा पिच्छा पुरवला. आधी संशय मिरचीवर होता, म्हणून १९६० मध्ये उंदरांच्या टाळूला मिरचीतलं कॅप्सेसिन लावून पाहिलं. पुढे बोट सुपारीकडे वळलं आणि तिथेच राहिलं. मिरची सुटली. मावा, खर्रा आणि पुड्यांमधला गुटखा आल्यावर तर हा आजार कॉलेजच्या पोरांत दिसू लागला.

टाळू पांढरी का पडते? अस्तराखाली चिवट तंतूंचा थर साचतो आणि त्यात रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हे नेहमीचं उत्तर. काही अभ्यासकांना उलट वाहिन्या फुगलेल्याही सापडल्या, म्हणजे उत्तर तितकं सरळ नाही. पण रक्त नीट पोचत नाही असं धरून चाललं तर पेच उभा राहतो. कोपेनहेगनचे येन्स पिंडबोर्ग आणि मुंबईचे फली मेहता यांच्या गटाने अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं. १९८५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की त्यांपैकी ७.६ टक्क्यांना कर्करोग झाला. म्हणजे ज्या गालात रक्त कमी, त्यातूनच अशी गाठ उठते जिला रक्तावाचून एक-दोन मिलिमीटरपलीकडे जाता येत नाही. कोरड्या विहिरीच्या काठावर ऊस लावावा, तसला हा प्रकार.

त्याची एक उकल बरीच उशिरा मिळाली. पेशीला प्राणवायू कमी पडला की एचआयएफ नावाचं प्रथिन तग धरतं आणि व्हीईजीएफ बनवण्याचा हुकूम सोडतं. हे कोडं सोडवल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं. घुसमटलेल्या सबम्यूकस फायब्रोसिसच्या ऊतकातही एचआयएफ वाढलेलं आढळलं आहे. तेव्हा दुष्काळच बोलावणं धाडतो, असं म्हणायला जागा आहे. ती पूर्ण सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.

दंतवैद्यांना मात्र सिद्धान्ताआधीच एक खूण माहीत झाली होती. तोंडातला पांढरा चट्टा लोकांना घाबरवतो, लाल चट्ट्याकडे कोणी बघत नाही. तिखट खाल्लं असेल, दात लागला असेल. १९७५ मध्ये विल्यम शेफर आणि चार्ल्स वॉल्ड्रन यांनी असे ६५ लाल चट्टे तपासले, तेव्हा निम्म्याहून जास्तांमध्ये पसरायला लागलेला कर्करोग आधीच होता आणि उरलेल्यांपैकी बहुतेक त्याच्या उंबरठ्यावर होते. लाल रंग येतो तो अस्तर झिजल्यामुळे आणि खालच्या वाहिन्या वर दिसू लागल्यामुळे. निरोगी अस्तराखाली केसासारख्या वाहिन्यांचे छोटे फासे एकसारखे उभे असतात. रोग पुढे सरकतो तसे ते लांबतात, पिळे घेतात, आणि शेवटी त्यांचा आकारच मोडतो. आता निळ्या-हिरव्या प्रकाशाच्या दुर्बिणीने हे फासे थेट तोंडात पाहता येतात. हा प्रकाश रक्त शोषून घेतं, म्हणून ते तपकिरी ठिपक्यांसारखे उठून दिसतात.

१९९० नंतर जगभर वाहिन्या मोजण्याची साथच आली. काचपट्टीवर सगळ्यांत दाट जागा शोधायची, रंगवलेल्या वाहिन्या मोजायच्या आणि आकड्यावरून रोग किती पसरेल ते सांगायचं. स्तनाच्या कर्करोगात हे जुळलं, तसं तोंडाच्याही कर्करोगात शेकडो प्रबंध निघाले. साध्या जाड अस्तरापासून बिघडलेल्या पेशींपर्यंत आणि तिथून गाठीपर्यंत वाहिन्या वाढत जातात, हे बहुतेकांत दिसलं. रुग्ण किती जगेल याचा आकड्याशी संबंध मात्र एकात लागला, दुसऱ्यात लागला नाही. दाट जागा कोणती हे शेवटी मोजणाऱ्याच्या डोळ्यांवर असतं.

मग मे १९९८ आला. फोकमनच्या प्रयोगशाळेत मायकेल ओ’रायली यांनी शोधलेल्या अँजिओस्टॅटिन आणि एंडोस्टॅटिन या प्रथिनांनी उंदरांच्या गाठी विरघळल्याची बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर आली. ती बनवणाऱ्या एंट्रीमेड कंपनीचा शेअर एका दिवसात सुमारे १२ डॉलरवरून ८५ पर्यंत उसळला. रुग्णांचे नातेवाईक फोन करू लागले. फोकमन एवढंच सांगत राहिला की उंदराला कर्करोग झाला असेल तर आपण त्याची चांगली सोय करू शकतो. माणसांत या दोन प्रथिनांनी त्या बातमीला साजेसं काही केलं नाही. फेराराच्या प्रथिनावरची अँटिबॉडी मात्र टिकली. फेब्रुवारी २००४ मध्ये तिला, म्हणजे बेव्हॅसिझुमॅबला, मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. केमोथेरपीच्या जोडीला दिल्यावर रुग्णांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण जितकं जगतात ते) १५.६ महिन्यांवरून २०.३ महिने झालं. चार वर्षांनी, १४ जानेवारी २००८ रोजी, व्याख्यानाला निघालेला फोकमन डेन्व्हरच्या विमानतळावर हृदयविकाराने गेला.

आतड्याला जे लागू पडलं ते तोंडाला पडेल, असं वाटणं साहजिक होतं. कल्पनेचं माहेरच गालफडात होतं. अमेरिकेत डोक्याच्या आणि मानेच्या पसरलेल्या कर्करोगाच्या ४०३ रुग्णांवर बेव्हॅसिझुमॅबची मोठी चाचणी झाली आणि २०१९ मध्ये निकाल आला. केमोथेरपीवर ११ महिने, हे औषध जोडून १२.६ महिने. फरक योगायोगाचाही असू शकेल इतका. आणि गंभीर रक्तस्राव ०.५ टक्क्यांवरून ६.७ टक्क्यांवर. तोंड आणि मान ही जागाच तशी आहे. गाठ मानेतल्या मोठ्या धमनीला चिकटलेली असते, कधी किरणोपचाराने तिथली भिंत आधीच विरलेली असते. रक्ताची वाट बंद करायला गेलेलं औषध तिथे रक्ताचीच वाट मोकळी करतं.

फोकमनच्या प्रयोगशाळेतून निघालेली दुसरी, गाजावाजा न झालेली वाट मात्र परळला पोचली. २००० मध्ये टिमोथी ब्राउडर यांनी तिथे दाखवलं की सायक्लोफॉस्फमाइड हे जुनं केमोचं औषध मोठ्या मात्रेत देऊन तीन आठवडे थांबण्याऐवजी दर सहा दिवसांनी कमी मात्रेत दिलं, तर त्या औषधाला दाद न देणाऱ्या गाठीही ओसरतात. मोठ्या मात्रेनंतरच्या सुट्टीत वाहिन्या स्वतःची डागडुजी करून घेतात. सुट्टीच दिली नाही, की त्यांना ते जमत नाही. त्याच वर्षी टोरंटोच्या रॉबर्ट कर्बेल यांच्या गटानेही असंच काही दाखवलं आणि डग्लस हॅनाहन यांनी या पद्धतीला मेट्रोनोमिक म्हटलं, गाण्याच्या रियाजात ठेका धरणाऱ्या यंत्रावरून. तबल्याचा एकसारखा चालू ठेका, मध्ये खंड नाही.

टाटा मेमोरियलमध्ये डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी हा ठेका शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या आणि पसरलेल्या रोगासाठी धरला. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या, दिवसातून दोनदा सेलेकॉक्सिब. पहिलं संधिवातवाल्यांच्या घरात असतं, दुसरं सांधेदुखीवर मिळतं. समोर नेहमीचं सिस्प्लॅटिन होतं, शिरेतून द्यायचं आणि त्यासाठी हॉस्पिटलात यायचं. २०१६ ते २०२० या काळात ४२२ रुग्ण सहभागी झाले. गोळ्या निदान सिस्प्लॅटिनपेक्षा वाईट नाहीत, एवढंच सिद्ध करायचं होतं. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये निकाल आला तेव्हा गोळ्यांवरच्या रुग्णांचं मध्यक आयुष्य ७.५ महिने होतं आणि सिस्प्लॅटिनवरच्यांचं ६.१. गंभीर त्रास झाला तो गोळ्यांच्या गटात १९ टक्क्यांना, दुसऱ्यात ३० टक्क्यांना.

हे वाहिन्या बंद झाल्याने झालं की प्रतिकारशक्ती जागी झाल्याने, की दोन्हींनी, याचा निवाडा अजून बाकी आहे. हॅमस्टरच्या गालातली खिडकी माणसाच्या गालात बसवता येत नाही. निळ्या-हिरव्या प्रकाशाची दुर्बीण आहे, पण ती आत न्यायला तोंड उघडावं लागतं. परळच्या बाकड्यावर नंबर लागायची वाट बघत बसलेल्यांपैकी काहींच्या दातांमध्ये एकच बोट जातं.